गोटीपायी वरवट येडं झालं

तुम्हाला म्हणून सांगते, आणि हे संग्रामपूरपर्यंत जाऊ देऊ नका. आमच्या वरवट बकालात चांगल्या घरचे लोक बिघडले आहेत. दारूनं बिघडले असते तर मी तोंड उघडलं नसतं. जुगारानं बिघडले असते तरी नाही. जुगार पिढीजात असतो, त्याची बातमी होत नाही. हे प्रकरण नवं आहे. पन्नाशी उलटलेले, सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहिलेले, लेकींची लग्नं लावून मोकळे झालेले गृहस्थ रात्री साडेदहाला अंगणात बल्ब ओढून बसतात. हाताला ग्रीस, नखात गंज, पुढ्यात एक लोखंडी पेटी आणि पेटीला हँडल. हँडल फिरवलं की आतून काहीतरी खडखडतं आणि हे समाधानानं मान हलवतात. आतून बायको ओरडते, "झोपता काय वो आज?" उत्तर येतं, "एवढी रिंग बसू दे फक्त."

कसली रिंग? गोटी सोड्याच्या मशीनची!

भेंडवळ इथून काही फार लांब नाही. अक्षय्य तृतीयेला तिथं घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पीकपाणी, रोगराई, राजाची गादी, सगळ्याचं भाकीत होतं. या साथीचं भाकीत झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

नावं घेणार नाही. गावात निम्मे नात्यातले, आणि उरलेल्यांच्या मुलांना मी आठवीचं विज्ञान शिकवलेलं. खुणेनं सांगते. पहिला धरला गेला तो एक कृषी केंद्रवाला. युरियाचं बिल करायचं सोडून हा भंगारवाल्या चाचांच्या वखारीत उभा. तिथं वीसेक वर्षांपासून एक सोड्याची पेटी पालथी पडलेली, तिच्यावर कोंबड्या बसत. चाचा ती किलोच्या भावानं द्यायला तयार होते, पण यानं तोंडातून 'अँटिक' हा शब्द काढला आणि भाव चढला. त्या दिवसापासून चाचांकडे भंगार म्हणून उरलं नाही. मोडकी शिलाई मशीन अँटिक, कंदील अँटिक, कुणाच्या तरी आजोबांचा फवारणीचा पंप तोही अँटिक.

दुसरा एक रिटायर्ड एसटी मेकॅनिक. तिसरे आमच्याच शाळेतले चित्रकलेचे मास्तर, ज्यांना आयुष्यभर भिंतीत खिळा ठोकता आला नाही. चौथा कॉलेजातून परत आलेला पोरगा. त्याला ही बाधा मोबाईलमधून झाली. त्यात म्हणे कुणी परदेशी माणूस एक शब्द न बोलता अर्धा तास गंजकी वस्तू घासत बसतो आणि जगभरातले लोक ते बघत बसतात. पोराची आई मला म्हणाली, "मॅडम, याच्या खोलीतला पंखा दोन वर्सापासून कुरकुर करून रायला. त्याले तेलाचा थेंब नाई. न दुसऱ्याचा गंज पाहून याच्या डोळ्यात पानी!"

हा रोग मुळात अमेरिकेतला. तिकडे पैसे टाकले की थंड बाटली पुढे सरकवणारी कपाटं असायची. कॅन्सस सिटीत १९३७ साली निघालेल्या व्हेंडो कंपनीची लाल, गोल खांद्यांची कपाटं तर तिकडचे हौशी लोक गॅरेजात ठेवून पुन्हा उभी करतात. २०१० पासून हिस्टरी चॅनेलवर लास वेगासच्या एका दुरुस्तीवाल्याची मालिकाच चालायची; तो असलीच जुनी मशिनं चकचकीत करून द्यायचा. पण त्या कपाटासमोर गिऱ्हाइकाला काम काय? नाणं टाका, बाटली घ्या, चालू लागा. आमच्या पेटीला नाणं चालत नाही. तिला दंडात ताकद लागते आणि बघायला चार माणसं लागतात. मला विचाराल तर सगळं खूळ त्या चार माणसांसाठी आहे. एकट्यानं हँडल फिरवणारा वरवटात अजून जन्माला यायचा आहे.

आता ज्यांनी ती पेटी चालताना पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगते. गोटी सोड्याची बाटली जाड काचेची, मान चिमटलेली. मानेत एक काचेची गोटी कायमची कोंडलेली आणि तोंडाच्या आत एका खाचेत रबराची रिंग. बाटलीत सरबत आणि पाणी भरून ती पेटीतल्या पाळण्यात बसवायची, तिच्या तोंडाशी गॅसची नळी. मग झाकण लावून हँडल फिरवायचं. पाळणा गरगर फिरतो, पाणी आणि गॅस एकमेकांत घुसळतात. बाटली उलटी झाली की गोटी तोंडाकडे घसरते आणि रिंगेवर जाऊन बसते. आतला गॅस तिला बाहेर ढकलायला बघतो, आणि जितकं ढकलतो तितकी ती घट्ट बसते. बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही. बाटलीतला कैदीच आतून दार लावून घेतो. पिताना वरून दट्ट्या मारायचा, गोटी खाली पडते, आणि तो आवाज होतो ज्याच्यासाठी आमच्या लहानपणी दहा पैसे मागताना रडावं लागायचं. मग बाटली तिरकी करताना मानेतल्या दोन खळ्या खालच्या अंगाला ठेवायच्या म्हणजे गोटी तिथं अडकते. ज्याला हे कळत नाही त्याच्या प्रत्येक घोटाला गोटी आडवी येते, आणि मग गाडीवरचे सगळे हसतात.

ही अक्कल हिराम कॉड नावाच्या इंग्रजाची. त्यानं १८७२ साली पेटंट घेतलं. पण त्याच्याही मागे गेलात तर खरी भानगड हाती लागते. सोड्याचं पाणी पहिल्यांदा बनवलं ते जोसेफ प्रीस्टलीनं. हो, ऑक्सिजनवाला प्रीस्टली, आठवीच्या पुस्तकातला. हा माणूस धर्मोपदेशक. राहायला कुठे? लीड्स शहरात, बिअरच्या कारखान्याशेजारी! १७६७ साली हा त्या कारखान्यात जायचा आणि आंबणाऱ्या पिंपावर तरंगणाऱ्या वायूत पाण्याचं भांडं टांगायचा. दोन भांड्यांत पाणी वरखाली करून त्यात तो वायू मुरवायचा. देवाचा माणूस, आणि रोजची ये-जा कुठे, तर दारूच्या पिंपाशी. आमच्याकडे असतं तर पंचायत बसली असती. तिकडे त्याला १७७३ साली रॉयल सोसायटीनं कॉपली पदक दिलं. त्याला वाटायचं की हे पाणी दर्यावर्दी लोकांचा स्कर्व्ही बरा करील, म्हणून कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर त्याची युक्तीही गेली. स्कर्व्ही काही बरा झाला नाही, त्याला लिंबू लागतं. आता सोड्यात लिंबू पिळायची अक्कल तेव्हा कुणाला सुचली असती तर कुठच्या कुठे गेलं असतं प्रकरण. ते वऱ्हाडी माणसाला सुचलं, पण तेव्हा स्कर्व्ही संपला होता.

तर असल्या कुळातला हा सोडा. आणि आता तो आमच्या देवघराशेजारी.

मशीन उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात गावात दोन तट पडले. ग्रामपंचायतीला पडले नसतील इतके कडवे. एक गंजवाले, दुसरे रंगवाले. रंगवाल्यांचं म्हणणं सरळ आहे: काचपेपरनं घासा, रेड ऑक्साइड मारा, वर ट्रॅक्टरचा लाल रंग, झकास. गंजवाले म्हणतात, खबरदार! तो गंज नाही, तो इतिहास आहे. चित्रकलेचे मास्तर गंजवाल्यांचे पुढारी. त्यांनी ब्लेडनं एक कोपरा हळूहळू खरवडला तर लालखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा लाल. आता मूळ रंग कोणता? मास्तर तीन दिवस त्या चौकोनासमोर बसून होते. मेकॅनिक रंगवाला. तो म्हणाला, "मास्तर, मालकाले जो डबा सस्ता भेटला तो मारला त्यानं. इतिहास कायचा?" यावर दोघांचं बोलणं बंद. पाना मात्र एकच, आणि तो मास्तरांकडे. त्यामुळे पाना मागायला मेकॅनिक रोज नातवाला पाठवतो आणि नातू दोन्ही घरची बिस्किटं खातो.

मेकॅनिकाबद्दल अजून सांगते, पण हे खरंच कुणाला बोलू नका. त्यानं रिंग कशाची कापली माहीत आहे? ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची! आणि त्या बाटलीतून शेजारच्या पोरांना पाजायला निघाला होता. मी स्वतः उठून गेले. म्हटलं, बाबा रे, खाण्यापिण्याच्या कामाचं रबर वेगळं मिळतं, कुकरच्या रिंगेचं दुकान अकोल्यात आहे की नाही? सोड्याचं पाणी दिसायला भोळं, पण आंबट असतं. गॅस पाण्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि ते तांब्या-पितळेला हळूहळू खातं. जुन्या मशीनच्या आत कल्हई असायची ती याचसाठी. कल्हई उडाली की तांबं उघडं पडतं, आणि जुन्या डागात शिसं असलं तर तेही पाण्यात उतरतं. मेकॅनिकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पह्यले लोक कसे नाई मेले वो मॅडम?" यावर विज्ञानाकडे उत्तर आहे, पण ते ऐकायला तो थांबत नाही.

तरी कल्हईवाल्याचा शोध सुरू झाला. कल्हईवाला गावात यायचा बंद होऊन जमाना झाला. स्टीलची भांडी आली आणि भाता विझला. एक म्हातारबुवा खामगावच्या बाजाराकडे असतात म्हणे. चौघांनी मिळून गाडी केली, त्यांना मानानं आणलं, जेवू घातलं. त्यांनी पेटीचा आतला भाग बघितला, नवसागराची चिमूट हातात धरली आणि विचारलं, "घरातली भांडी हायेत का अजून?" मग काय, चारी घरच्या बायकांनी माळ्यावरची पितळी पातेली, घंगाळं, परात सगळं काढलं. संध्याकाळपर्यंत सोड्याच्या मशीनला हात लागला नाही. माझ्या मते या सगळ्या खुळातून गावाचं जे काही भलं झालं ते त्या दुपारी.

भंगारात ही मशिनं गेली कशी, हे विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेली, तेव्हा स्टँडवरच्या सोडावाल्यांना वाटलं आता आपलंच राज्य. पण त्याच साली थम्स अप निघालं, कॅम्पा कोला निघालं, सरकारनंसुद्धा 'डबल सेव्हन' काढून बघितलं. १९९३ ला कोका-कोला परत आली आणि आल्या आल्या थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकतच घेऊन बसली. मग प्लास्टिकची बाटली, दुकानात कंपनीचा काचेचा फ्रिज, आणि गोटीवाल्याकडे बसणं म्हणजे गावंढळपणा. आज जे 'आपला वारसा, आपला वारसा' करत गंज गोंजारतात, त्यातल्या दोघांनी स्वतःच्या वडलांची मशिनं विकली आहेत. एकानं तर बाटल्या पोरांना फोडायला दिल्या होत्या, आतली गोटी काढायला. असं इंग्लंडमध्येही झालं म्हणे. तिकडच्या पोरांनीही कॉडच्या बाटल्या गोट्यांसाठी फोडल्या. आता त्याच बाटलीला हा गृहस्थ वाटेल तो भाव द्यायला तयार आहे, आणि गावात फुटायची राहिलेली बाटली नाही.

गॅसचं सांगायचं राहिलं. अकोल्याहून सिलिंडर आला. एकानं तो आग विझवायच्या नळकांड्या भरणाऱ्याकडून भरून आणला, दुसऱ्यानं वेल्डिंगवाल्याकडून. खाण्यापिण्याचा गॅस वेगळ्या शुद्धतेचा असतो हे दोघांनाही नको होतं, भाव हवा होता. आणि तो ठेवला कुठे? पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात! आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरात द्रवरूपात असतो तो ३१ अंशांपर्यंतच. त्याच्या वर द्रव म्हणून काही राहत नाही आणि दाब हवेच्या सत्तरपटीच्या पलीकडे चढत जातो. ज्या सिलिंडराची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी व्हायला हवी, त्यावर कसला शिक्का आहे हे बघायला यांना चष्मा सापडत नाही. कृषी केंद्रवाल्याच्या सुनेनं एका रात्री तो सिलिंडर ओढत ओढत कडुलिंबाखाली नेला आणि ओली गोणपाटं गुंडाळून ठेवला. सकाळी सासऱ्यानं विचारलं, "हे कोनं केलं?" ती म्हणाली, "मामंजी, त्याले गरम होत होतं." त्या घरात शहाणं माणूस एकच, आणि ते दुसऱ्या घरून आलेलं.

मेकॅनिक मात्र काळजी घेतो. मशीनचं हँडल फिरवताना तो हेल्मेट घालतो. पूर्वी विलायतेत सोडा भरणारे कामगार तोंडावर तारेची जाळी आणि हातात कातड्याचे मोजे घालायचे, कारण बाटली फुटली की काच थेट डोळ्यात. मुंबईच्या दंग्यांत या बाटल्या फेकून मारायच्या त्या उगाच नाही. तेव्हा हेल्मेट बरोबरच. पण हा माणूस नोकरीभर शेगाव ते वरवट मोटारसायकलवर उघड्या डोक्यानं फिरला, ट्रॅफिक हवालदाराच्या विनवण्या झाल्या, बायकोनं शपथ घातली. कुणाचं ऐकलं नाही. आता ओसरीवर बसून, पंख्याखाली, हेल्मेट!

इतकं करून पहिल्या दिवशी सोडा झालाच नाही. बाटली उघडली, हवा सुटल्याचा आवाज आला आणि पाण्याला चार बुडबुडे. चौघेही मशीनला दोष द्यायला लागले. मी लांबून बघत होते, शेवटी राहवलं नाही. शून्य अंशावरचं एक लिटर पाणी साध्या हवेच्या दाबाला दीड लिटरहून जास्त गॅस पोटात घेतं, वीस अंशांना एक लिटरहूनही कमी, आणि चाळिशीला जेमतेम अर्धा लिटर. दाब दुप्पट केला तर गॅसही दुप्पट मुरतो, हे विल्यम हेन्रीनं १८०३ साली सांगून ठेवलंय, पण दाब वाढवायला ती म्हातारी पेटी किती सोसणार? म्हणून पाणी बर्फासारखं थंड लागतं. यांनी माठातलं नाही, टाकीतलं पाणी भरलेलं. टाकी गच्चीवर, दुपारी तीनची. त्या पाण्यात अंडं शिजलं असतं.

मग बर्फ आला. आणि मग निघाला मूळ प्रश्न, ज्याच्यापायी आमच्याकडच्या बायका खरोखर चिडल्या. पाणी कोणतं?

तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर तुम्हाला यात काय विशेष ते कळायचं नाही. आमचा संग्रामपूर आणि शेजारचा जळगाव जामोद, या तालुक्यांचा बराचसा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातला. बोअर मारा, हातपंप हाणा, पाणी येतं ते खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, आणि किडनीच्या आजारासाठी आमच्या भागाचं नाव पेपरात छापून येतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली ती याच दुखण्यापायी. त्यावरही लोक प्यायला जार घेतात. गोडं पाणी म्हणजे आमच्याकडे शिल्लक टाकायची वस्तू. आणि या चार दिवट्यांनी विकतचा जार फोडून त्यात गॅस भरला, अर्धा सोडा अंगणात उडवला, अर्धा फेसाबरोबर वाहून गेला. कृषी केंद्रवाल्याची बायको अंगणात येऊन म्हणाली, "लेकीच्या घरून पाहुने आले तं मी त्याइले अर्धा गिलास पानी देतो, न हे मातीले सोडा पाजून रायले!" त्या दिवशी गंजवाले आणि रंगवाले पहिल्यांदा एका बाजूला उभे राहिले. भिंतीच्या बाजूला.

यात मला जे सगळ्यात झोंबतं ते सांगते. सोडा मोठ्या प्रमाणावर विकायला काढला तो जिनिव्हाच्या याकोब श्वेप यानं, १७८३ च्या सुमाराला. का काढला? तर युरोपातले श्रीमंत लोक पोटाच्या तक्रारींसाठी डोंगरातल्या झऱ्यांवर जायचे आणि तिथलं खारट पाणी पैसे देऊन प्यायचे. जर्मनीतल्या झेल्टर्सचं पाणी मातीच्या बाटल्यांत भरून देशोदेशी जायचं. त्याचीच नक्कल घरबसल्या मिळावी म्हणून श्वेपचा धंदा. म्हणजे तिकडच्या सरदार-उमरावांनी ज्या खारट पाण्यासाठी प्रवास केले, तशी चव आमच्याकडे हातपंपाला फुकट. आणि आमची माणसं काय करतात, तर विकतचं गोडं पाणी घेऊन त्याचा सोडा करतात आणि मग त्यात काळं मीठ टाकतात! हिशेब लावून बघा. मी लावला तर माझं डोकं दुखलं.

ज्यांनी हे काम धंदा म्हणून केलं त्यांना असलं खूळ कधी लागलं नाही. मुंबईत पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा. पुण्याच्या कॅम्पात अर्देशिरांची फॅक्टरी १८८४ पासून, जिंजर आणि रासबेरी. दिनशा पंडोले क्रिकेट खेळायला इंग्लंडला गेले, तिथल्या ड्यूक चेंडूवर मन बसलं आणि १८८९ ला 'ड्यूक्स' काढली. ती १९९४ साली पेप्सीनं घेतली. पारशी माणसानं सोडा इतका मनावर घेतला की कुणाचं आडनाव सोडावॉटरवाला पडलं. पण त्यांनी मशीनकडे कधी ओलावल्या डोळ्यांनी बघितल्याचं ऐकलं नाही. बिघडलं की दुरुस्त, मोडलं की नवं. वारसा वगैरे आपल्याला सुचतं, दुकान बंद झाल्यावर.

बरं, नुसतं आमचंच गाव येडं म्हणावं तर वरच्यांचं काय? अंबानींनी २०२२ ला कॅम्पा कोला विकत घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात आणलं. म्हणजे त्यांनाही तीच बाधा, फक्त अंगण मोठं. मार्च २०२५ मध्ये खुद्द केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानं जाहीर केलं की आपला गोटी सोडा 'गोली पॉप सोडा' म्हणून अमेरिका, इंग्लंड, युरोप आणि आखाती देशांत चाललाय. ही बातमी वरवटात आली तेव्हा चित्रकलेचे मास्तर दोन दिवस सरळ चालत नव्हते. पोरगा म्हणाला, एक्स्पोर्ट करू. मेकॅनिकानं विचारलं, पाणी कुठून आणशील? पोरगा गप्प. मी जाता जाता अन्न परवान्याचीही आठवण करून दिली. घरी प्या, पाहुण्यांना पाजा, पण विकायला बसलात तर तो लागतो. तेव्हापासून मला बघितलं की ते चौघे पेटीवर गोणपाट टाकतात.

तरी सोडा एकदाचा जमला. बर्फात पाणी गार केलं, रिंग नवी, कल्हई नवी, बाटल्या उत्तर प्रदेशातून मागवल्या. अर्धी आळी जमली. मेकॅनिकानं हेल्मेट चढवलं, मास्तरांनी न बोलता पाना पुढे केला, पाळणा फिरला, बाटली बाहेर आली. दट्ट्या मारला. आवाज झाला, तोच! एक-दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, मी शपथेवर सांगते. मग पहिला घोट कुणाला द्यायचा? अर्थात मोठ्या मावशीला. गावातला शेवटचा सोडावाला तिचा दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्या हातचा सोडा प्यालेली. जुनी चव ठाऊक असलेली साक्षीदार तीच.

मावशीनं घोट घेतला. तोंडात फिरवला. सगळे श्वास रोखून.

"गोड हाय," ती म्हणाली. "हा आपला सोडा नोय."

मग कळलं. दीर कोणतं पाणी वापरायचा? विहिरीचं. खारं! वरवटचा सोडा ज्या चवीसाठी लोकांच्या लक्षात राहिला ती चव आमच्या विहिरीची होती. त्यात मीठ घालायची गरजच नव्हती. आणि आता, ऐका बरं का, खरा कहर पुढेच आहे. हे चौघे आता विकतच्या जारात हातपंपाचं पाणी मोजून घालतात! ज्या पाण्यापासून सुटायला १४० गावांनी वाट बघितली, त्याचा एकेक तांब्या गाळून, उकळून, गार करून, 'मूळ चव' म्हणून! गंजवाले म्हणतात एका जाराला अर्धा तांब्या. रंगवाले म्हणतात हातपंप कशाला, बाजारचं मीठ टाका आणि मोकळे व्हा. गंजवाल्यांना ते पाखंड वाटतं. हातपंपावर रोज धुणं धुणाऱ्या बायका हंडे टेकवून बघत राहतात. पाणी न्यायला ही माणसं चालत येतात, आणि तेही बिसलेरीची बाटली घेऊन.

दोन्ही तटांना आता मावशीचा कौल हवा. त्यामुळे मावशीचे दिवस बदलले. सकाळी एक तट येतो, संध्याकाळी दुसरा. रिकाम्या हातानं आलं तर ती घोट घेत नाही. शेगावची कचोरी लागते, गरम, आणि ती आणायला पोरगा रोज मोटारसायकल हाणतो. कचोरी खाऊन तिला पित्त होतं. परवा मी बसले होते तेव्हा छातीत जळजळ म्हणून कळवळत होती. समोर टेबलावर दोन बाटल्या सोडा, एक गंजवाल्यांची, एक रंगवाल्यांची. म्हटलं, मावशी, घ्या की यातला एक, याच्यासाठीच तर असतो तो.

तिनं कमरेच्या चंचीतून पित्ताची गोळी काढली, साध्या पाण्यानं गिळली आणि म्हणाली, "अजून जमला नाई त्याइले."